घरी ओतायची गोळी: कोल्हापुरातल्या एका नेमबाजाचं प्रकरण

हे प्रकरण पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल (ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आपटते) खेळणाऱ्या एका तरुणाचं आहे. शिवाजी उद्यमनगरात घरची छोटी फौंड्री, मेकॅनिकलचा डिप्लोमा, राज्य पातळीवरच्या स्पर्धांचा अनुभव आणि .३२ बोअरच्या पिस्तुलाचा रीतसर परवाना. त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी रेंजवर पिस्तूल गटाचं तांत्रिक काम पाहतो. हत्यारांची तपासणी, ट्रिगरचं वजन, कोणत्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या कोणत्या खेपेची, काडतुसं कोण वापरतंय याची नोंद, अशी कामं.

त्याची तक्रार साधी होती. प्रिसिजनच्या टप्प्यात, म्हणजे पाच मिनिटांत पाच गोळ्या शांतपणे मारायच्या असतात तिथे, चार गोळ्या दहाच्या आसपास बसायच्या आणि एखादी उगाच सात-आठला जायची. नेम धरताना काही चुकल्याचं त्याला जाणवत नव्हतं. मग दोष काडतुसाचा, असं त्यानं ठरवलं. अमेरिकेतले छंदी नेमबाज घरच्या गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओततात, वापरलेली पितळी केस पुन्हा भरतात, हे त्यानं व्हिडिओंमध्ये तासन्‌तास पाहिलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर साच्याचं ड्रॉइंग तयार होतं आणि परदेशी साइटवर काडतुसं भरायचं प्रेस कार्टमध्ये पडलेलं होतं.

"सर, आमच्यात रोज बीड ओततोय आम्ही. शिशाचं काय घेऊन बसलाय? फक्त अलॉय किती टक्क्याचा धरू, तेवढं सांगा की."

या वाक्यातला आत्मविश्वास खोटा नव्हता. कोल्हापूरच्या फौंड्रीत वाढलेल्या पोराला ओतकाम शिकवावं लागत नाही. ब्लोहोल, म्हणजे ओतीवात हवेची पोकळी, का पडतं, साचा गार असला की धातू कसा अर्ध्यात थिजतो, कोअर ओली राहिली तर काय होतं, हे त्याला हातानं कळतं. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड हाताळणाऱ्याला ३२७ अंशांना वितळणारं शिसं खेळण्यासारखं वाटणार. या प्रकरणाची गुंतागुंत इथूनच सुरू होते. त्याच्याकडे कौशल्य भरपूर होतं, म्हणून आपण कुठल्या तीन वेगवेगळ्या प्रश्नांना एकदम हात घालतोय हे त्याला दिसत नव्हतं.

तिकडे हा छंद का चालतो

आधी त्या छंदाला न्याय द्यायला हवा. काडतुसाचे चार भाग: पितळी केस, तिच्या बुडातला प्रायमर, आत दारू आणि तोंडाला शिशाची गोळी. गोळी उडाली तरी केस शाबूत राहते, आणि काडतुसातला महाग भाग तोच. केस पुन्हा मापात आणली, नवा प्रायमर बसवला, मोजून दारू भरली आणि गोळी दाबली की काडतूस पुन्हा तयार. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला संघराज्याचा वेगळा परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो. लायमन ही कंपनी तिथे १८७८ पासून या धंद्यात आहे. दाबाची मानकं ठरवणारी कारखानदारांची संस्था १९२६ पासून काम करते, आणि दारूच्या कंपन्या कोणत्या गोळीला किती दारू याची तपासलेली कोष्टकं छापतात. म्हणजे गॅरेजमधला तो माणूस एकटा दिसत असला तरी त्याच्यामागे शंभर वर्षांची मोजमापं, प्रयोगशाळा आणि कायद्याची मोकळीक उभी आहे. व्हिडिओत फक्त प्रेसचा दांडा खालीवर होताना दिसतो.

त्या मोजमापांशिवाय काय होतं, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. वॅडकटर म्हणजे चपट्या तोंडाची, कागदावर पंचनं पाडल्यासारखं गोल भोक पाडणारी गोळी. ती हळू जाते, तिला दारू थोडी लागते. थोडी दारू म्हणजे केसमध्ये रिकामी जागा भरपूर, आणि रिकाम्या जागेत चुकून दुप्पट दारू पडली तरी केस ओसंडत नाही. त्या एका चुकीनं पिस्तूल हातात फुटतं. उलट दारू पडलीच नाही तर एकट्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत अडकते, आणि रॅपिडच्या टप्प्यात, जिथे लक्ष्य तीन सेकंदांसाठीच समोर येतं, पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळू शकते. गोळी केसमध्ये किंचित जास्त खोल बसली तरी दाब वाढतो. त्याच्या ड्रॉइंगमध्ये गोळीचा व्यास मायक्रॉनपर्यंत दिलेला होता. दाबाचा एकही आकडा नव्हता, कारण तो मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

कार्टमधलं प्रेस

हा मुद्दा मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी शब्दांत मांडला, कारण यात चर्चेला जागाच नव्हती. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. तिच्यात भरलेलं काडतूस येतंच, पण त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे कार्टमधलं प्रेस हे काडतूस भरण्याआधीच त्या व्याख्येच्या आत होतं. कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळालेला त्याचा परवाना पिस्तूल आणि काडतुसं बाळगण्याचा. बनवण्याचा तो नव्हे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

"विकायचं नाही सर, माझ्यापुरतंच," तो म्हणाला. कलम ५ मध्ये स्वतःपुरतं आणि विक्रीसाठी असा फरक नाही. दारूचंही तसंच: १८८४ चा स्फोटक अधिनियम, २००८ चे स्फोटक नियम आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणारी, नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही यंत्रणा. लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन डबा आणावा अशी ती वस्तू नाही. परवाना असलेल्या नेमबाजानं तर इथे दुप्पट जपायला हवं. त्याचा परवाना गेला तर नुसता छंद सुटत नाही, खेळच संपतो. त्यानं माझ्यासमोर कार्ट रिकामं केलं. ड्रॉइंगही काढून टाकलं. साचा अजून कापलेला नव्हता, याचं मला मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात माझं त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडेला करडी रेघ होती. फौंड्रीतली काळी वाळू वेगळी दिसते. मी विचारलं, शिसं आणलंस कुठून?

आप्पेपात्र

टायरच्या दुकानांतून व्हील बॅलन्सिंगची जुनी वजनं आणि भंगारातून थोडं शिसं, असा साठा त्यानं आधीच जमवला होता. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या शेगडीवर, कढईत ते वितळवून वड्या पाडल्या होत्या. वड्यांना साचा म्हणून घरातलं जुनं बिडाचं आप्पेपात्र घेतलं होतं. नंतर ते घासून धुऊन फळीवर परत ठेवलं होतं.

या शेवटच्या वाक्यानंतर संभाषणाचा विषय बदलला. पिस्तूल, स्कोअर, लॉट सगळं बाजूला ठेवून मी एकच विचारलं, की घरात लहान कोण आहे. भावाची मुलगी, चार वर्षांची.

इथे फौंड्रीवाल्यांचा एक समज आहे. धातूचा धोका म्हणजे चटका आणि धूर, असं ते धरून चालतात. धूर टाळायला त्यानं शेडचं दार उघडं ठेवलं होतं, पंखा लावला होता. पण शिसं वितळण्याच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होतच नाही. ती जोर धरते सुमारे ५०० अंशांच्या पुढे. खरा घात करते वर साचणारी मळी. ती चमच्यानं काढली, फरशीवर टाकली, वाळली की तिची पिवळसर-करडी भुकटी होते. ती झाडूनं उडते, चपलेला लागते, पॅंटच्या घडीत बसते, तिथून घरात येते. चार वर्षांचं मूल फरशीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. पंख्यानं तर ती भुकटी शेडभर पसरवली होती.

भंगारातल्या शिशाची आणखी एक भानगड आहे. आपल्याकडे भंगारवाल्याकडचं शिसं बहुतेक बॅटरीतून येतं. त्यात आम्लाचे अंश असतातच, शिवाय अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असे मिश्रधातू असतात, आणि अशा मळीला पुढे ओल लागली की अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. परदेशातले जाणते ओतणारेही बॅटरीच्या प्लेटांना हात लावत नाहीत. जुन्या बॅटरीची विल्हेवाट आपल्याकडे २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच व्हायला हवी. टायरच्या वजनांचीही खात्री उरलेली नाही. नवी वजनं पुष्कळदा जस्ताची किंवा पोलादाची असतात. पाण्याच्या थेंबाचा धोका मात्र त्याला समजावून सांगावा लागला नाही. वितळलेल्या धातूत ओल गेली की काय होतं, हे उद्यमनगरात लहानपणीच कळतं.

आईला त्यानं स्वतः सांगितलं. मी फोनवर होतो. "अरे, त्यात मी परवा आप्पे केले की," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसं आढळलं तर स्रोत शोधून तो बंद करायचा, असं आहे. त्याचा आकडा १६ आला, मुलीचा ७. आई आणि वहिनी पाचच्या खाली. आजोबांनी तपासणीला नकार दिला, तो शेवटपर्यंत.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही आणि हलकंही घेतलं नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं लहान मुलांना साधारणपणे ४५ च्या पुढे देतात. सातला उपचार म्हणजे स्रोत तोडणं आणि आहारात लोह, कॅल्शियम नीट ठेवणं. पण मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची कुठलीच पातळी निर्धोक मानलेली नाही, हेही त्यांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं, हाडात गेलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं.

त्याच्या सोळापैकी किती शेडमधलं आणि किती रेंजवरचं, हे वेगळं काढता येत नाही. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, गोळी शिशाची, आणि बार झाला की त्याचा बारीक धुरळा हातावर, बाहीवर बसतो. रेंजवरून निघताना हात न धुता भडंगाच्या पुड्यात घातलेला हात मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. या प्रकरणानंतर आमच्या गटात एक गोष्ट मी हट्टानं बसवली: साबणानं हात आणि तोंड धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही, आणि नेमबाजीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

शेड कशी साफ केली तेही सांगतो, कारण लोक इथेच चुकतात. केरसुणी लावली नाही. डिटर्जंटच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, फडकी बंद पिशवीत भरली, शेडपुढच्या मातीचा वरचा थर उचलून तिथे काँक्रीट केलं. कढई, आप्पेपात्र, चमचा आणि सगळ्या वड्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्याचा आकडा ९ आणि मुलीचा ४ होता.

मग ती सातची गोळी कुठून आली?

हा प्रश्न शिल्लक होताच, आणि तो टाळणं त्याच्यावर अन्याय झाला असता. फॅक्टरीच्या काडतुसांत लॉटनुसार फरक असतो, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जगभरातले मोठे नेमबाज यासाठी काय करतात ते मी त्याला सांगितलं. कोल्हापूरनं गाजवलेले प्रकार बघा: तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकमधलं विश्वविजेतेपद, राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्य. हे सगळे .२२ चे प्रकार. .२२ चं काडतूस रिमफायर. त्यात प्रायमर वेगळा नसतो, स्फोटक मिश्रण केसच्या कडेच्या पन्हाळीत असतं आणि पिन त्याच कडेवर आपटते. ती केस एकदा चेपली की संपली. म्हणजे या खेळातली सर्वांत मोठी पदकं ज्या काडतुसावर मिळतात, ते पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे नेमबाज काडतूस बनवत नाहीत, निवडतात. जर्मनीत शोनेबेकला काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती जबड्यात घट्ट पकडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट खरेदी करतात. एअर पिस्तूलवाले ४.४९ की ४.५० मिलिमीटर डोक्याचा पेलेट हे असंच ठरवतात.

सेंटर फायरला आपण हेच का करू नये? अडचण एकच होती, जबडा नव्हता. आणि जबडा ही तर त्याच्या घरची वस्तू.

पुढचे काही आठवडे त्या पोरानं जे काम केलं ते पाहून मला फार समाधान वाटलं. पिस्तुलाची मूठ काढून फ्रेम पकडणारा, बार झाल्यावर रुळावरून मागे सरकणारा आणि बरोबर त्याच जागी परत येणारा स्टँड त्यानं काढला. बूड ग्रे आयर्नचं, कारण बिडात कंपन मुरतं. लेथचं बेड त्याचं करतात ते याच कारणासाठी. पॅटर्न वडिलांनी स्वतः सागवानात केला. पहिल्या कास्टिंगला रुळाच्या बाजूला आकुंचनाची पोकळी आली, तेव्हा त्यांनी रायझरची, म्हणजे थिजताना धातू पुरवणाऱ्या साठ्याची, जागा बदलली. दुसरं कास्टिंग निर्दोष निघालं. मशिनिंग झाल्यावर रेंजच्या काँक्रीटच्या ओट्यात चार फाउंडेशन बोल्टवर ते बसवलं. काडतूस भरण्यासाठी जी नजर आणि जो संयम तो खर्च करणार होता, तोच इथे लागला, आणि कायद्याच्या चौकटीत.

चाचणी त्याच्याच पिस्तुलावर, दोन लॉटची. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन लक्ष्याचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, नऊचं १००, आठचं १५०, सातचं २००. जुन्या लॉटच्या दहा गोळ्यांचा पुंजका ३५ मिलिमीटरमध्ये आला, म्हणजे दहाच्या वर्तुळात आरामात. तो हंगामभर वापरत असलेल्या लॉटचा पुंजका ६५ मिलिमीटरचा. लॉट खरोखर कमी प्रतीचा होता. पण हिशेब इथे थांबत नाही. ६५ मिलिमीटरचा पुंजका मधोमध बसला तर त्यातली गोळी फार तर नऊला जाईल. सातला जायला गोळी मध्यापासून ७५ मिलिमीटरच्याही पुढे पडावी लागते. तेवढं अंतर त्या लॉटनं एकट्यानं खाल्लेलं नव्हतं.

त्याच्या जुन्या लक्ष्यांचे कागद काढून बसलो. वाईट गोळ्या सगळ्या एकाच बाजूला होत्या: खाली आणि डावीकडे, घड्याळात सात-आठ वाजतात तिकडे. उजव्या हातानं खेळणाऱ्याची गोळी तिकडे जाते तेव्हा बहुतेक वेळा ट्रिगर सुटताना सगळी मूठ आवळलेली असते. सेंटर फायरमध्ये धक्का .२२ पेक्षा मोठा. मनात त्याची वाट पाहिली जाते आणि हात आधीच दाबतो. त्याच्या जिवंत काडतुसांत मधूनच निर्जीव डमी काडतूस घालून त्याला खेळवलं, तेव्हा डमीवर नळीचं टोक खाली बुडताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तोपर्यंत तो हे मानायला तयार नव्हता, आणि माझ्या सांगण्यावरून मानावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आता तो चांगला लॉट संघटनेमार्फत स्पर्धेपुरता राखून ठेवतो, दुसरा सरावाला वापरतो आणि ड्राय फायरिंगला, म्हणजे रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर दाबायच्या सरावाला, रोज वेळ देतो. काडतुसांच्या डब्यावर लॉट नंबर, तारीख आणि पुंजक्याचं माप लिहायची पद्धत त्याच्यामुळे गटातल्या सगळ्यांनी उचलली. सातची गोळी अजून अधूनमधून येते. ती का आली हे आता त्याला ट्रिगर सुटतानाच कळतं.

स्टँड रेंजवरच आहे. .२२ पिस्तुलांच्या फ्रेमला तो जबडा मोठा पडतो, म्हणून त्याच्या वडिलांनी छोट्या जबड्याचा पॅटर्न करायला घेतला आहे. पंचवीस मीटर खेळणाऱ्या मुलींच्या काडतुसांची चाचणी त्यानंतर घेऊ.